टीव्ही कॅलिब्रेट करून घेण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आला: बाणेरला नवा फ्लॅट, तीन महिन्यांपूर्वी ६५ इंची ओएलईडी टीव्ही घेतला. दुकानात डोळे दिपले, घरी मात्र माणसांचे चेहरे उन्हात भाजल्यासारखे लाल दिसतात, रात्रीच्या प्रसंगांत नुसता काळोख, आणि सासूबाई म्हणतात, 'डोळ्याला टोचतं.' दुकानदार म्हणतो कॅलिब्रेशन करून घ्या, म्हणजे टीव्हीचे रंग आणि उजेड यंत्राने मोजून जुळवून घ्या. हे खरंच काही असतं, की एक्स्टेंडेड वॉरंटीसारखं गळ्यात मारतात?

असतं. मी बारा वर्षं त्यावरच पोट भरतोय. पण तुमचं वर्णन वाचून वाटतं, तुम्हाला अजून माझी गरज नाही. तुमचा टीव्ही देहाने बाणेरला आलाय, मनाने अजून दुकानातच आहे.

टीव्ही पहिल्यांदा चालू केला की विचारतो, घरी वापरणार की दुकानात? बसवायला आलेला मुलगा घाईत असतो, त्याला त्या दिवशी अजून चार घरं करायची असतात. तो काहीतरी दाबून निघून जातो. 'दुकान' दाबलं गेलं असेल तर तुम्ही काहीही बदला, थोड्या वेळाने टीव्ही परत भडक होतो. आधी ते तपासा. 'घर' असलं तरी सुरुवातीला लागलेला मोड बहुधा व्हिव्हिड नाहीतर स्टँडर्ड असतो, आणि दोन्ही निळसर.

आपल्याकडे पांढऱ्या कपड्यांना नीळ देतात. त्याने सदरा काही जास्त स्वच्छ होत नाही, पण किंचित निळसर पांढरं डोळ्याला जास्त पांढरं वाटतं. दुकानातल्या टीव्हीला तीच नीळ दिलेली असते, जरा सढळ हाताने. तपकीर गल्लीतलं दुकान असो की मॉलमधलं शोरूम, भगभगीत उजेडात पंधरा टीव्ही शेजारी शेजारी लावलेले असतात. त्यात ज्याची नीळ जास्त, त्याच्याकडे गिऱ्हाईक वळतं. घरी शेजारी दुसरा टीव्ही नसतो, समोर फक्त माणसाचा चेहरा असतो, आणि चेहऱ्याचा रंग चुकला तर तो लहान मुलालाही कळतो.

चेहरे लाल का दिसतात त्याचं कारण थोडं वेगळं आहे. साध्या एचडी चित्राचे रंग बीटी ७०९ नावाच्या मानकात बसवलेले असतात. ते मानक १९९० सालचं, त्याचा रंगांचा आवाका लहान. तुमचं ओएलईडी पॅनेल त्याहून बरेच गडद रंग दाखवू शकतं. व्हिव्हिड मोड काय करतो, तर लहान मापाचं चित्र ताणून पॅनेलच्या पूर्ण आवाक्यात बसवतो. टोमॅटो, साड्या, जाहिराती झकास दिसतात. माणसाच्या गालावरचा थोडासा लाल मात्र तापासारखा होतो. मेन्यूत 'कलर गॅमट' किंवा 'कलर स्पेस' असं काहीतरी असेल. ते 'ऑटो'वर हवं, 'नेटिव्ह'वर नको.

तर आता रिमोट घ्या. पिक्चर मोड 'फिल्ममेकर' करा. २०१९ साली यूएचडी अलायन्स या टीव्ही कंपन्या आणि स्टुडिओंच्या संघटनेने हा मोड जाहीर केला आणि त्याचं काम एकच, टीव्हीची स्वतःची अक्कल बंद करणं. तो नसेल तर 'सिनेमा' किंवा 'मूव्ही'. सोनीवर 'कस्टम' किंवा नव्या मॉडेलांत 'प्रोफेशनल'. कलर टोन सॅमसंगवर 'वॉर्म २', सोनीवर 'एक्सपर्ट १', एलजीवर 'वॉर्म ५०'. मग एनर्जी सेव्हिंग बंद करा. मग चाल गुळगुळीत करणारी सोय बंद किंवा अगदी कमी. तिला एलजीवर 'ट्रूमोशन' म्हणतात, सोनीवर 'मोशनफ्लो', सॅमसंगवर जुन्या सेटांत 'ऑटो मोशन प्लस' आणि नव्यांत 'पिक्चर क्लॅरिटी'. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमने चित्रित होतो. टीव्ही मधल्या फ्रेम स्वतःच्या मनाने रचून घालतो आणि लाखमोलाचा सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा दिसायला लागतो. क्रिकेटला हवी तर ठेवा, माझी हरकत नाही.

इथे एक गोंधळ सांगून ठेवतो, कारण निम्मे फोन यावरूनच येतात. 'ब्राइटनेस' या शब्दाचा अर्थ प्रत्येक कंपनीत वेगळा आहे. जुन्या टीव्हींवर ब्राइटनेस म्हणजे काळं किती काळं, आणि पॅनेलचा उजेड वेगळा, 'बॅकलाइट' नावाने. सोनीवर ब्राइटनेस म्हणजेच उजेड, काळ्यासाठी 'ब्लॅक लेव्हल'. एलजीच्या ओएलईडीवर उजेडाला आधी 'ओएलईडी लाइट' म्हणायचे, नंतर 'ओएलईडी पिक्सेल ब्राइटनेस' झालं. डोळ्याला टोचत असेल तर उजेड कमी करायचा. लोक चुकून काळ्याला हात लावतात, आणि मग अंधारातले केस, काळा कोट, सावलीतली भिंत, सगळं एकाच डांबरात बुडतं.

तुमच्या काळोखामागे हेच असू शकतं. दुसरी शक्यता केबलची, म्हणजे केबल खराब असल्याची नव्हे. व्हिडिओत काळं १६ या आकड्यावर आणि पांढरं २३५ वर असतं, संगणकात ० ते २५५. लॅपटॉप किंवा सेटटॉप बॉक्स एक भाषा बोलतो आणि टीव्ही दुसरी समजतो, तर एकतर सगळं फिकट दुधाळ दिसतं, नाहीतर सावल्या गिळल्या जातात. दोन्हीकडे 'ऑटो' करून बघा, नाहीतर दोन्हीकडे 'लिमिटेड'.

तिसरी शक्यता एचडीआर, म्हणजे जास्त उजळ आणि जास्त गडद भाग एकत्र दाखवणारं नवं चित्र. साध्या चित्रात टीव्हीला एवढंच सांगितलेलं असतं की हा भाग अमुक टक्के उजळ. त्यामुळे दिवसा तुम्ही उजेड वाढवला की सगळंच वर सरकतं. एचडीआरमध्ये, म्हणजे एचडीआर १० आणि डॉल्बी व्हिजनमध्ये, चित्र थेट आकडा सांगतं: हा भाग इतक्या निट्सचा (निट हे उजेडाचं माप). ते आकडे काळोख्या खोलीत बसलेल्या माणसाने ठरवलेले असतात. तुमच्या बाणेरच्या फ्लॅटला पश्चिमेला काचेचं दार असेल, आणि बहुधा असेलच, तर संध्याकाळी पाच वाजता तोच प्रसंग तळघरासारखा दिसणार. त्यावर उपाय जाड पडदे. नाहीतर डॉल्बी व्हिजनचा 'ब्राइट' प्रकार किंवा डायनॅमिक टोन मॅपिंग चालू करा, म्हणजे टीव्ही प्रत्येक प्रसंगाचा उजेड स्वतः जुळवून घेतो. शुद्धतावादी नाक मुरडतील, मुरडू देत.

एवढं झालं की दोन आठवडे हात लावू नका. पहिल्या दोन दिवसांत घरात बंड होतं: 'हे काय पिवळं करून ठेवलंयस?' डोळ्याला निळ्या पांढऱ्याची सवय लागलेली असते, ती सुटायला वेळ लागतो. दहा दिवसांनी दोन मिनिटांसाठी परत व्हिव्हिड लावून बघा. माझ्या अनुभवात बंड करणारेच आधी ओरडतात, 'बंद कर ते.'

आणि टीव्हीच्या मागे भिंतीवर उजेड पडेल असा एक दिवा लावा. बाजारात 'कूल डेलाइट' म्हणून साधा एलईडी बल्ब मिळतो, त्याच्या खोक्यावर ६५०० के लिहिलेलं असतं. तोच. टीव्हीच्या पांढऱ्याशी त्याचा पांढरा जुळतो. सासूबाईंच्या डोळ्यांचं निम्मं टोचणं त्याने जाईल, कारण काळ्या खोलीत एकच उजळ चौकोन बघायला डोळ्याला त्रास होतोच. रंग बदलणाऱ्या पट्ट्या मात्र नकोत. भिंत जांभळी झाली की चेहरा हिरवट भासतो, मग दोष टीव्हीला.

आता मूळ मुद्दा. माझ्यासारखा माणूस याच्या वर काय करतो?

लोक बोलावतात चित्र 'भारी' करून द्यायला. मी जातो ते मापात आणायला. वाण्याच्या तराजूवर वजनमापवाल्यांचा शिक्का असतो ना, तसं समजा. किलो म्हणजे किती हे वाण्याने ठरवायचं नसतं. तसं पांढरं म्हणजे कोणतं पांढरं हे टीव्हीने ठरवायचं नसतं, ते ठरलेलं आहे. त्याला डी ६५ म्हणतात, साधारण ६५०० केल्विनचा, ढगाळ दुपारच्या उजेडासारखा पांढरा. रंगांच्या नकाशावर त्याचा पत्ताही पक्का आहे: ०.३१२७, ०.३२९०. मुंबईच्या स्टुडिओत ज्या मॉनिटरवर बसून कलरिस्ट नायिकेच्या ओढणीचा रंग ठरवतो, तो मॉनिटर याच पत्त्यावर लावलेला असतो. तुमचा टीव्ही त्याच पत्त्यावर आला की त्याने पाहिलं ते तुम्ही पाहता.

घरबसल्या चाचणी हवी असेल तर कृष्णधवल चित्रपट लावा. प्रभात कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आली, तिच्या स्टुडिओच्या जागेत आज एफटीआयआय ही चित्रपट शिकवणारी संस्था आहे. त्या काळातला एखादा चित्रपट चांगल्या प्रतीत मिळाला तर बघा. त्यात रंग असायलाच नको. आकाश निळसर, सावल्या तांबूस किंवा भिंत हिरवट दिसली, तर करड्या छटांमध्ये लाल, हिरवा आणि निळा यांचं प्रमाण बिघडलंय. फक्त एकाच चित्रपटावर भरवसा नको, कधीकधी प्रतीलाच झाक असते. दोन-तीन बघा. सगळ्यांत तीच झाक दिसली तर मला किंवा माझ्यासारख्या कुणाला बोलवायची वेळ झाली.

काम कसं चालतं ते एका घरावरून सांगतो. कर्वेनगरला, जुन्या सोसायटीत तिसरा मजला. टीव्ही पाऊण तास आधीपासून चालू ठेवायला सांगितलं होतं, कारण थंड पॅनेल खोटं बोलतं. पडद्यांवर चादरी टाकल्या, राउटरच्या दिव्यांवर चिकटपट्टी लावली. राहिली कोपऱ्यातल्या देवघराची समई. आजी म्हणाल्या, 'ती विझवायची नाही.' बरोबरच होतं. मग समई आणि टीव्ही यांच्यामध्ये इस्त्रीचं टेबल उभं केलं, त्यावर सोलापुरी चादर. ओएलईडीचं काळं मोजायचं तर काचेवर ज्योतीचं प्रतिबिंबसुद्धा चालत नाही.

माझ्याकडे दोन यंत्रं असतात. एक कलरीमीटर, जो पडद्याला टेकवून लोंबकळत ठेवतो. तो चपळ, आणि अंधारातलंही वाचतो. पण प्रत्येक जातीच्या पॅनेलचा उजेड वेगळ्या मिश्रणाचा असतो, त्यात तो फसतो. दुसरा स्पेक्ट्रोफोटोमीटर, हळू पण खरा. आधी स्पेक्ट्रोने पांढरा, लाल, हिरवा, निळा वाचायचा, मग कलरीमीटरने तेच वाचायचं, आणि दोघांतला फरक संगणकाला शिकवायचा. पुढचं सगळं कलरीमीटर करतो. सुरुवातीच्या काळात मी ही पायरी गाळायचो. एका एलसीडीवर सगळे आकडे हिरवेगार आले, आणि चेहरेही.

मग पडद्यावर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत करडे चौकोन येतात, एकामागून एक. त्या घरी ८० टक्क्यांच्या चौकोनावर निळा ९ टक्के जास्त होता, लाल ५ टक्के कमी. फरकाच्या मापाला डेल्टा ई म्हणतात, तो ६ च्या पुढे. वरचं टोक 'गेन'ने ओढायचं, खालचं 'कट' किंवा 'बायस'ने. पण वरचं ओढलं की खालचं सुटतं, अपुऱ्या पांघरुणासारखं. डोकं झाकलं की पाय उघडे. आठ-दहा फेऱ्या होतात. मग वीस टप्प्यांचं बारीक काम, तेही हात राखून, कारण तिथे जास्त ओढाताण केली की सावलीत पट्टे उमटतात. मग गॅमा, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजेड कसा चढत जातो ते, अंधाऱ्या खोलीसाठी २.४ च्या आसपास. सगळ्यात शेवटी रंग. लोकांना वाटतं रंगापासून सुरुवात होते. पण करडं सरळ झालं की रंग बरेचसे आपोआप जागेवर बसतात.

चालत्या चित्रात डेल्टा ई ३ च्या आत असेल तर सहसा कुणाला काही कळत नाही. मी २ च्या खाली आलं की थांबतो. ०.८ चं ०.४ करण्यात तास घालवणारे आहेत. ते कागदावर छान दिसतं.

त्या घरी साध्या चित्राला अडीच तास लागले, एचडीआरला आणखी एक. शेवटी आजींनी कीर्तनाची वाहिनी लावायला सांगितली. कीर्तनकारबुवांचं उपरणं आधी ट्यूबलाइटसारखं दिसायचं. आजी बराच वेळ बघत बसल्या आणि म्हणाल्या, 'आता सुती दिसतंय.' मी रिपोर्टची फाइल उघडून बसलो होतो, ती बंद केली.

आता माझी फजिती. धंद्यात नवा होतो, सिंहगड रोडला एका गृहस्थांचा टीव्ही लावला. एचडीएमआय १ वर माझं चाचणीचे चौकोन दाखवणारं यंत्र जोडलं, तीन तास घाम गाळला, रिपोर्ट दिला, पैसे घेतले. आठवड्याने फोन: 'काहीच फरक नाही हो.' गेलो तर खरंच नव्हता. ते सगळं टीव्हीतल्याच ॲपवर बघत होते, आणि त्या टीव्हीत प्रत्येक इनपुटच्या सेटिंग वेगळ्या साठवल्या जात होत्या. ज्या खिडकीतून ते बघत होते ती मी पुसलीच नव्हती. पुन्हा सगळं केलं, फुकट. तेव्हापासून दारात चप्पल काढतानाच विचारतो, तुम्ही बघता कशावरून? सेटटॉप बॉक्स, ॲप, स्टिक, गेमचं कन्सोल. साधं, एचडीआर आणि डॉल्बी व्हिजन हे तीन वेगळे संसार आहेत, एकाचं केलेलं दुसऱ्याला लागू होत नाही.

तुम्ही कुणाला बोलावलंत तर त्याला हेच विचारा: यापैकी काय काय करणार, मीटर कोणता, माझ्या पॅनेलसाठी तो स्पेक्ट्रोने जुळवून घेणार का, आधीचा आणि नंतरचा रिपोर्ट देणार का. 'नजरेने लावतो, अर्ध्या तासात होतं' म्हणाला तर चहा पाजून वाटेला लावा. सर्व्हिस मेन्यूत, म्हणजे कंपनीच्या कारागिरांसाठी लपवलेल्या मेन्यूत, शिरतो म्हणाला तर चहासुद्धा नको, तिथे एक आकडा चुकला तर पॅनेलचं वाटोळं होऊ शकतं आणि वॉरंटीवरून वाद होतो तो वेगळाच. ओएलईडी साधारण शंभर तास चालून झालेला असावा, तुमचा तीन महिन्यांत झालाच असेल.

इंटरनेटवरचे आकडे उतरवून काढले तर? मोड, टोन, गॅमट, मोशन, हे खुशाल उतरवा. गेन आणि कटचे आकडे नकोत. एकाच मॉडेलचे, एकाच दिवशी आलेले दोन टीव्ही मी शेजारी ठेवून मोजलेत, दोघांचा पांढरा वेगळा होता. दुसऱ्याच्या चष्म्याचा नंबर तुम्हाला कसा चालेल?

फोनने होतं का, हाही प्रश्न येतोच. ॲपल टीव्हीला २०२१ पासून आयफोन पडद्यासमोर धरून रंग जुळवायची सोय आहे. ती बॉक्समधून निघणारं चित्र बदलते, टीव्हीला शिवतही नाही, आणि डॉल्बी व्हिजन चालू असताना चालत नाही. काही नसण्यापेक्षा बरी, इतकंच. एलजीचे २०१८ पासूनचे ओएलईडी कॅलमन या कॅलिब्रेशनच्या सॉफ्टवेअरशी थेट बोलतात. तिथे माझे कष्ट कमी होतात, मीटरचे नाही.

कॅलिब्रेशनने काय होणार नाही तेही ऐका. सेटटॉप बॉक्सवरची एसडी वाहिनी ७२० बाय ५७६ ठिपक्यांची असते, ती ६५ इंचावर पसरली की पिठलंच होणार. जुना चौकोनी कार्यक्रम रुंद करून बघत असाल तर सगळे नट जाडे दिसणार. त्यावर बटण आहे, माझी गरज नाही. स्टॅबिलायझरने चित्र सुधारत नाही, सोन्याचा मुलामा दिलेल्या एचडीएमआय केबलनेही नाही. डिजिटल सिग्नल नीट पोचतो, नाहीतर ठिणग्या उडाल्यासारखे ठिपके दिसतात किंवा पडदा काळा पडतो. केबलमुळे रंग फिका पडतो हे विक्रेत्याचं कीर्तन आहे.

पैशांचं म्हणाल तर माझा हिशोब सोपा आहे. टीव्हीच्या किमतीच्या दहाव्या हिश्शाहून जास्त जात असतील तर विचार करा. चाळीस-पन्नास हजारांच्या एलईडीला मी स्वतःच नको म्हणतो, त्यात मुळात तेवढे कंगोरेच नसतात. तुमचा ओएलईडी त्या लायकीचा नक्की आहे, आणि केलं तर साधारण दोन वर्षांनी परत मोजायला हवं, कारण पॅनेल म्हातारं होतं. पण पडदे नसलेल्या खोलीत मी आलो तर तुमचे पैसे आणि माझे तीन तास वाया. आधी पडदे, मग बल्ब, मग पंधरा दिवस धीर. त्यानंतरही चेहरे लाल किंवा कृष्णधवल चित्र रंगीत वाटलं, तर बोलवा.

बोलावलंत तर त्याच्याकडून दोन मोड करून घ्या, एक रात्रीचा आणि एक दिवसाचा. रंग दोन्हीकडे तेच, दिवसाच्या मोडला उजेड जास्त आणि गॅमा २.२ च्या आसपास. सासूबाईंच्या सकाळच्या मालिका आणि सुट्टीतली मॅच दिवसाच्या मोडवर. काम संपलं की सेटिंगच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, फॅक्टरी रीसेट झालं की सगळं पुसलं जातं आणि कधीकधी अपडेटनंतरही. मी तर निघताना एक चिठ्ठी लिहून टीव्हीच्या मागे चिकटवतो: रात्री अमुक मोड, दिवसा तमुक, व्हिव्हिडला हात लावू नये. सुट्टीत भाचरं येऊन गेली की त्या चिठ्ठीचा उपयोग होतो.